पायांची तळमळ आणि मेंदूतील लोह

संगमनेरात विड्या वळून संसार चालविणाऱ्या बायका पुष्कळ. माझी आजी त्यांपैकीच एक. दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसणारी आजी रात्री मात्र अंथरुणावर स्वस्थ पडत नसे. "पोरी, पोटऱ्यांत किडे वळवळल्यासारखं होतं," असे म्हणून ती उठे आणि ओट्यावर येरझारा घाली. चालले की बरे वाटे, पडले की पुन्हा तेच. घरात सारे म्हणत, वयाचे दुखणे किंवा मनाचे खेळ. मीही तसेच समजत होते.

या विकारास 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम' म्हणतात. इंग्लंडमधील थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये त्याची नोंद केली. स्वीडनचे डॉ. एकबॉम यांनी १९४५ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले आणि लोहाच्या कमतरतेशी असलेला त्याचा संबंधही पुढे दाखविला.

तळमळ पायांत जाणवते, पण तिचे मूळ मेंदूत असते. शरीराच्या हालचालींवर नियंत्रण ठेवणारे डोपामिन तयार करणाऱ्या विकराला लोह लागते. मेंदूत लोह कमी पडले की डोपामिनचे कार्य बिघडते. हा त्रास रात्रीच वाढतो, कारण डोपामिनचे प्रमाणही दिवसरात्रीप्रमाणे बदलते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. काही रुग्णांच्या रक्तात लोह पुरेसे असूनही मेंदूभोवतीच्या द्रवात ते कमी आढळले आहे. प्रवरेच्या कालव्याला पाणी आले, म्हणून शेवटच्या वाफ्याला ते पोचतेच असे नाही. तसेच हे आहे.

म्हणूनच केवळ हिमोग्लोबिन पाहून भागत नाही. शरीरातील लोहाचा साठा दाखविणारे फेरिटिनही तपासावे लागते. ते लिटरला ७५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी असल्यास या रुग्णांना लोह देण्याचा विचार डॉक्टर करतात. आजीचे हिमोग्लोबिन ठीक होते, फेरिटिन मात्र फारच कमी निघाले. औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांनी तिच्या येरझारा पुष्कळ कमी झाल्या.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. गरोदरपणीही हा त्रास वाढतो. मात्र जादा लोह अपायकारक असते. तेव्हा तपासणीवाचून गोळ्या घेऊ नयेत.

आपल्याही घरी रात्री कोणी येरझारा घालीत असेल, तर तिला "झोप मुकाट्याने" असे म्हणू नका. आम्ही आजीला कित्येक वर्षे तेच म्हणत होतो.