वीस प्रश्नांचा खेळ

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कोडी नक्कीच सोडवली असतील. उर्दूत आपण कोड्याला पहेली म्हणतो. अमीर खुसरो यांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या पहेल्या आजही घरोघरी ऐकायला मिळतात. कोड्यात उत्तराच्या खुणा कोडे घालणाराच देतो. आज आपण एक वेगळा खेळ शिकणार आहोत. या खेळात खुणा कोणी देत नाही. त्या तुम्हाला प्रश्न विचारून मिळवाव्या लागतात.

खेळ अगदी सोपा आहे. त्याला पट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत, पैसेही लागत नाहीत. एकाने मनात एक वस्तू धरायची. दुसऱ्याने प्रश्न विचारून ती ओळखायची. मात्र प्रत्येक प्रश्नाचे उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही' असेच असले पाहिजे. प्रश्न जास्तीत जास्त २०. तेवढ्यात वस्तू ओळखली तर विचारणारा जिंकला, नाही तर तो हरला.

इंग्लंड-अमेरिकेत हा खेळ फार पूर्वीपासून खेळला जात असे. १९४६ मध्ये अमेरिकेच्या रेडिओवर आणि १९४७ मध्ये इंग्लंडच्या बीबीसी रेडिओवर तो सुरू झाला. हजारो लोक रेडिओभोवती बसून तो ऐकत.

समजा, रात्रीचे जेवण झाले आहे आणि तुम्ही घरी हा खेळ खेळत आहात. तुमच्या आपाने मनात एक वस्तू धरली. तुमचा धाकटा भाऊ लगेच विचारू लागला, "पेन आहे का? घड्याळ आहे का? कंगवा आहे का? आंबा आहे का?" आपा प्रत्येक वेळी 'नाही' म्हणाली. पाहता पाहता त्याचे २० प्रश्न संपले. याला मराठीत 'अंदाजपंचे' विचारणे म्हणतात. जगात वस्तू लाखो आहेत. त्याच्या प्रत्येक प्रश्नाने त्यांतली फक्त एकच वस्तू कमी झाली.

आता तुमची पाळी आली. तुम्ही असे प्रश्न विचारले :

"आपा, ती वस्तू सजीव आहे का?" — "नाही."
"ती माणसाने बनवली आहे का?" — "हो."
"ती आपल्या घरात आहे का?" — "हो."
"ती स्वयंपाकघरात वापरतात का?" — "नाही."
"ती माझ्या एका हातात मावेल का?" — "हो."
"ती धातूची आहे का?" — "हो."
"घराबाहेर जाताना ती लागते का?" — "हो."
"किल्ली आहे का?" — "नाही."
"मग कुलूप!" — "शाबास! बरोबर ओळखलेस."

फक्त ९ प्रश्नांत कुलूप सापडले. असे का झाले? तुमचा पहिलाच प्रश्न पाहा. त्याचे उत्तर 'नाही' आले. पण त्या एका 'नाही'ने जगातले सगळे प्राणी, पक्षी, माणसे आणि झाडे बाजूला झाली. म्हणजे 'नाही' हे उत्तरही 'हो'इतकेच उपयोगी असते. प्रश्न मात्र तसा हवा.

आकड्यांच्या खेळात ही गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. तुमच्या मित्राला १ ते १०० मधली एक संख्या मनात धरायला सांगा. तुम्ही ती ७ प्रश्नांत हमखास ओळखू शकाल. समजा, त्याने ३७ ही संख्या धरली.

"५० पेक्षा मोठी आहे का?" — "नाही."
"२५ पेक्षा मोठी आहे का?" — "हो."
"३८ पेक्षा मोठी आहे का?" — "नाही."
"३२ पेक्षा मोठी आहे का?" — "हो."
"३५ पेक्षा मोठी आहे का?" — "हो."
"३७ पेक्षा मोठी आहे का?" — "नाही."
"३६ पेक्षा मोठी आहे का?" — "हो."

झाले! संख्या ३७. प्रत्येक प्रश्नाने उरलेल्या संख्यांचे जवळजवळ दोन सारखे भाग केले. उत्तर कोणतेही येवो, सुमारे निम्म्या संख्या बाद होणारच. १ प्रश्नाने २ गोष्टींतली एक ओळखता येते, २ प्रश्नांनी ४ गोष्टींतली, ३ प्रश्नांनी ८ गोष्टींतली. असे दुप्पट करत गेलो तर ७ प्रश्नांनी १२८ आणि १० प्रश्नांनी १,०२४ गोष्टींतली एक ओळखता येते. आणि २० प्रश्नांनी? तब्बल १०,४८,५७६! म्हणजे दहा लाखांहून अधिक.

चांगला प्रश्न कसा असतो, हे आता लक्षात घ्या. तो आधी मोठा असतो, मग हळूहळू बारीक होतो. तो स्पष्ट असतो. "वस्तू मोठी आहे का?" असे विचारू नका. मोठी म्हणजे कशापेक्षा मोठी? त्याऐवजी "ती माझ्या दप्तरात मावेल का?" असे विचारा. आधीची उत्तरे ध्यानात ठेवा. ती विसरलात तर तोच प्रश्न पुन्हा विचाराल आणि एक संधी वाया जाईल. उत्तर देणाऱ्यानेही खरे बोलले पाहिजे. मनातली वस्तू मध्येच बदलली तर खेळच उरत नाही.

तुम्ही म्हणाल, हा तर नुसता खेळ. तसे नाही. नेमक्या प्रश्नांनी माणसांचे प्राणही वाचू शकतात. ही खरी हकिकत वाचा.

१८५४ साली लंडन शहराच्या सोहो भागात पटकीची साथ आली. पटकी म्हणजे कॉलरा. उर्दूत याला हैजा म्हणतात. थोड्याच दिवसांत त्या भागातली ६०० हून अधिक माणसे मरण पावली. त्या काळी बहुतेक लोकांना वाटे की, हा रोग घाणेरड्या हवेमुळे होतो. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांना मात्र पाण्याचा संशय होता. हवा की पाणी? हे कसे ओळखायचे?

डॉ. स्नो घरोघरी गेले. ज्यांच्या घरी माणसे दगावली होती, त्यांना ते विचारत, "तुम्ही पाणी कोठून आणत होता?" बहुतेकांचे उत्तर एकच होते : ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपावरून. पण एवढ्याने प्रश्न सुटत नव्हता. पंपाजवळ राहणारे लोक तेथील हवाही घेत होते आणि तेथील पाणीही पीत होते.

मग त्यांनी शोधले, हवा तीच पण पाणी वेगळे, असे कोणी आहे का? होय, होते. जवळच गरिबांचे एक आश्रयगृह होते. तेथे ५३५ माणसे राहत. त्यांची स्वतःची विहीर होती. आजूबाजूच्या घरांत माणसे मरत असताना आश्रयगृहात फक्त ५ जण दगावले.

आता उलटा प्रश्न. पाणी तेच पण हवा वेगळी, असे कोणी आहे का? तेही सापडले. दूर हॅम्पस्टेड भागात राहणारी एक बाई पटकीने मरण पावली होती. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडे, म्हणून ती तेथून रोज पाणी मागवत असे.

दोन नेमके प्रश्न आणि हवा बाजूला झाली. उरले ते पाणी. डॉ. स्नो यांनी तेथील अधिकाऱ्यांना हे पटवून दिले आणि ८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. तोपर्यंत साथ ओसरू लागली होती. पण आता त्या पंपाचे पाणी पिऊन कोणी नव्याने आजारी पडणार नव्हते. पटकी पाण्यातून पसरते, हे सगळ्यांना पटायला पुढे आणखी बरीच वर्षे लागली.

आजही डॉक्टर औषध देण्यापूर्वी विचारतात, "ताप रोज येतो का? थंडी वाजते का? खोकला आहे का?" दुकानातला कारागीर बंद पडलेला रेडिओ उघडण्याआधी पाहतो, वीज येते का? बटण ठीक आहे का? हे सारे वीस प्रश्नांचाच खेळ खेळत असतात.

मित्रांनो, वर्गात काही समजले नाही तर आपण गप्प बसतो. हसे होईल, अशी भीती वाटते. पण न विचारणारा तेथेच राहतो आणि विचारणारा एक पाऊल पुढे जातो. "सर, मला काहीच समजले नाही," असे म्हणण्यापेक्षा "येथपर्यंत समजले, यापुढची पायरी कशी आली?" असे विचारा. उत्तर देणाऱ्यालाही आनंद होईल. म्हणून उत्तरे जशी पाठ करता, तसे प्रश्न विचारायलाही शिका.

शब्दार्थ

खूण — निशाणी
सजीव — जीव असलेला
हमखास — नक्की, खात्रीने
बाद होणे — खेळातून बाहेर जाणे
नेमका — अगदी योग्य, अचूक
साथ — एकाच वेळी अनेकांना होणारा रोग
दगावणे — मरण पावणे
ओसरणे — कमी होणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) वीस प्रश्नांच्या खेळात कोणती दोनच उत्तरे चालतात?
(२) आपाने मनात कोणती वस्तू धरली होती?
(३) पंपाचा दांडा केव्हा काढण्यात आला?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) धाकटा भाऊ खेळात का हरला?
(२) आश्रयगृहातील बहुतेक माणसे पटकीपासून का वाचली?

प्र. ३. वाक्यात उपयोग करा.
वाया जाणे, ध्यानात ठेवणे, पटवून देणे

प्र. ४. पुढील वाक्यांचे 'का' वापरून प्रश्न तयार करा.
नमुना : ती वस्तू धातूची आहे. — ती वस्तू धातूची आहे का?
(१) तो पक्षी उडतो. (२) हे फळ गोड असते. (३) ती संख्या ६४ पेक्षा लहान आहे.

उपक्रम : वर्गात दोन गट करा आणि हा खेळ मराठीत खेळा. प्रत्येक गटाला किती प्रश्न लागले, ते फळ्यावर लिहा.