‘वाढलेले हाड’ कापून घेण्यापूर्वी

नाकाच्या पोकळीत बाहेरील भिंतीवरून, कागदाच्या सुरळीसारखी आत वळलेली तीन-तीन हाडे दोन्ही बाजूंस एकाखाली एक असतात. शिंपल्यासारख्या आकारामुळे त्यांना शुक्तिका म्हणतात, डॉक्टर टर्बिनेट म्हणतात, आणि जुन्नर-आंबेगावात नाक चोंदण्याच्या बहुतेक तक्रारींना ‘नाकातलं हाड वाढलंय’ हे एकच नाव दिले जाते. या नावाच्या भरवशावरच प्रस्तुत लेखकाच्या खालच्या दोन्ही शुक्तिका समूळ काढल्या गेल्या, म्हणून ते नाव तपासून पाहणे आवश्यक आहे.

खालची शुक्तिका हे सर्वांत मोठे आणि स्वतंत्र हाड असून तिच्यावरील ओलसर अस्तरात रक्ताने फुगणाऱ्या व ओसरणाऱ्या वाहिन्यांचे दाट जाळे असते. आत येणारी हवा फुप्फुसांत पोहोचण्यापूर्वी उबदार व ओलसर करणे हे या अस्तराचे काम. ते काही तासांनी एका बाजूस फुगते व दुसऱ्या बाजूस ओसरते, हे रिचर्ड कायझर या जर्मन वैद्याने १८९५ मध्येच नोंदवले होते, त्यामुळे आलटून-पालटून नाकपुडी बंद वाटणे हा मुळात आजारच नव्हे. कांद्याच्या बराखीतील धूळ किंवा औषधफवारणी यांनी सूज वाढते, पण तीही बहुधा अस्तराची असते, हाडाची नसते.

मेडिकलमधून आणलेले नाक मोकळे करणारे थेंब लेखकाने सात महिने वापरले. असे थेंब आठवड्याहून अधिक काळ घातल्यास औषधाचा अंमल उतरताच अस्तर पूर्वीपेक्षा जास्त फुगते, ही गोष्ट ना विकणाऱ्याने सांगितली, ना शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी कधी विचारली. शस्त्रक्रियेनंतर खपल्या, कोरडेपणा आणि मोकळ्या नाकातही श्वास पुरत नसल्याची घुसमट सुरू झाली, तेव्हा ‘हे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे त्याच डॉक्टरांनी नजर न उचलता सांगितले. पुढे दुसऱ्या तज्ज्ञांनी दुर्बीण घालून पडद्यावर आतली जागा दाखविली, आणि जेथे गुलाबी कड दिसायला हवी होती तेथे नुसती सपाट भिंत होती. ते चित्र लेखकाच्या डोळ्यांपुढून आजही हलत नाही. या अवस्थेला ‘रिकाम्या नाकाचा विकार’ असे नाव अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये दिलेले आहे, म्हणजे तो मनाचा खेळ नव्हता. शुक्तिका काढलेल्या प्रत्येकाला तो होतो असे नाही, परंतु होऊ शकतो एवढे तरी सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य होते.

म्हणून ‘हाड वाढलंय’ असे कोणी सांगितल्यास, दुर्बिणीने तपासताना नाक मोकळे करणारे थेंब घालून सूज उतरते का ते पाहण्याचा आग्रह धरावा, कारण उतरली तर दोष मुख्यतः अस्तराचा असतो. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने नाकात मारायचा स्टेरॉइड फवारा, फवाऱ्याचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूस ठेवून, काही आठवडे नेमाने वापरावा. मिठाच्या पाण्याने नाक धुताना पाणी उकळून गार केलेलेच घ्यावे. बराखीत मास्क लावावा, धूळ टाळावी, हे सर्वांनाच ठाऊक आहे. शस्त्रक्रिया खरोखर लागलीच, तर अस्तर राखून केवळ आतला फुगवटा कमी करणाऱ्या पद्धती उपलब्ध आहेत. म्हणून मंचर, नारायणगाव वा पुणे, कोठेही सही करण्यापूर्वी नेमके काय आणि किती कापणार, हे मराठीत लिहून मागावे, आणि लिहून मिळेपर्यंत सही करू नये.