पिण्याच्या पाण्यातील फ्लोराईड : मर्यादा, धोके आणि उपाय

१. प्रास्ताविक

जलप्रदूषण म्हटले की कारखान्यांचे सांडपाणी किंवा गावातील उघडी गटारे आपल्या डोळ्यांसमोर येतात. या पाठात आपण ज्या दोषाचा विचार करणार आहोत, तो बहुतांशी माणसाने पाण्यात मिसळलेला नसतो. तो खडकातून येतो. फ्लोराईडयुक्त पाणी नितळ दिसते. त्याला वास नसतो आणि चवीवरूनही ते ओळखता येत नाही. म्हणूनच ‘पाणी स्वच्छ दिसते, अर्थात ते पिण्यायोग्य आहे’ हा आपला नेहमीचा समज येथे अपुरा ठरतो.

भारतात या प्रश्नाची शास्त्रीय नोंद प्रथम १९३७ मध्ये, तत्कालीन मद्रास प्रांतातील नेल्लोर भागातील रुग्णांच्या अभ्यासातून झाली. आज महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत हा प्रश्न आढळतो.

२. फ्लोराईड पाण्यात कसे येते?

ग्रॅनाइट व नाइस यांसारख्या खडकांतील फ्लोराइट, अॅपेटाइट, अभ्रक या खनिजांत फ्लोरिन असते. भूजल अशा खडकांच्या सान्निध्यात दीर्घकाळ राहिले की फ्लोराईड हळूहळू त्यात विरघळते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर फ्लोराईडचा त्याच्याशी संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो. याउलट कॅल्शियम कमी आणि अल्कधर्मीपणा अधिक असलेल्या पाण्यात फ्लोराईडचे प्रमाण वाढते. त्यामुळे एकाच गावातील उथळ विहिरीचे पाणी सुरक्षित आणि खोल विंधनविहिरीचे पाणी सदोष, असेही घडू शकते.

३. मर्यादा आणि तिचा अर्थ

भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे १ मिलिग्रॅम ही फ्लोराईडची स्वीकार्य मर्यादा आहे. पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्यही १.५ मिलिग्रॅम आहे. अल्प प्रमाणातील फ्लोराईड दात किडण्यास प्रतिबंध करते. धोका आहे तो अतिरेकाचा.

येथे एक मुद्दा लक्षात घ्या. मर्यादा लिटरमागे सांगितली जाते. परंतु शरीरावर परिणाम होतो तो पोटात गेलेल्या एकूण फ्लोराईडचा. समजा, एका गावातील पाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅम फ्लोराईड आहे. दिवसाला २ लिटर पाणी पिणाऱ्या माणसाच्या पोटात ६ मिलिग्रॅम जाईल. भर उन्हात राबणारी शेतमजूर स्त्री ५ लिटर पाणी पीत असेल, तर तिच्या पोटात १५ मिलिग्रॅम जाईल. नळ एकच, परंतु भार अडीचपट. त्यातच आहारात कॅल्शियम व जीवनसत्त्वे कमी असतील, तर अपाय अधिक तीव्र होतो. खडकातून आलेला हा दोष अशा रीतीने श्रम आणि दारिद्र्य यांच्याशी जोडला जातो.

४. आरोग्यावरील परिणाम

(अ) दातांचा फ्लोरोसिस : दातांचे कवच तयार होत असताना, म्हणजे साधारणपणे वयाच्या आठव्या वर्षापर्यंत, जास्त फ्लोराईड पोटात गेल्यास दातांवर पांढुरके, पुढे पिवळे-तपकिरी डाग किंवा आडवे पट्टे उमटतात. ते घासून जात नाहीत.

(आ) हाडांचा फ्लोरोसिस : अनेक वर्षे जास्त फ्लोराईड पोटात गेल्यास ते हाडांत साचते. आरंभी सांधे व पाठ दुखते, ताठरपणा येतो. हे दुखणे ‘वाताचे’ समजून मूळ कारणाकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. पुढे पाठीचा कणा ताठतो, स्नायुबंध कठीण होतात. मुलांचे पाय गुडघ्यांत वाकतात. हाडांतील असे बदल पूर्ववत करणारा खात्रीचा उपचार नाही. म्हणून प्रतिबंधालाच महत्त्व आहे.

५. उपाय

पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराईड जात नाही. उलट वाफ निघून गेल्याने उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढते. साध्या कापडी गाळणीचाही उपयोग नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने विकसित केलेल्या ‘नलगोंडा’ पद्धतीत पाण्यात चुना व तुरटी ठरावीक प्रमाणात मिसळून ढवळतात आणि साका बसल्यावर वरचे पाणी काढून घेतात. मात्रा पाण्याच्या तपासणीवरून ठरते; अंदाजाने तुरटी टाकणे योग्य नव्हे. सुरक्षित स्रोत शोधणे, पिण्याचे व वापरायचे पाणी वेगळे ठेवणे आणि दूध, पालेभाज्या, आवळा यांसारखा पोषक आहार घेणे हेही आवश्यक उपाय होत.

६. समारोप

फ्लोराईड डोळ्यांना दिसत नाही. ते दिसते मुलांच्या दातांवर. एखाद्या गावातील अनेक मुलांच्या दातांवर सारखेच पट्टे दिसू लागले, तर तो त्या गावाच्या पाण्याविषयीचा इशारा समजावा आणि स्रोताची रासायनिक तपासणी करून घ्यावी. त्या मुलांच्या दातांवरील डाग राहतील. परंतु त्यांची हाडे अजून वाचवता येतील.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. एकाच गावातील दोन स्रोतांत फ्लोराईडचे प्रमाण वेगळे का असू शकते?
२. ‘नळ एकच, परंतु भार अडीचपट’ हे विधान स्पष्ट करा.
३. आपल्या गावातील पाण्याच्या स्रोतांची यादी करा. त्यांची रासायनिक तपासणी केव्हा झाली, याची ग्रामपंचायतीत चौकशी करून दहा ओळींत नोंद लिहा.