परसातील कोंबड्या : हिंस्र प्राण्यांच्या हल्ल्यानंतरची शुश्रूषा

परसातील कुक्कुटपालन हा ग्रामीण महाराष्ट्रातील जुना जोडधंदा होय. त्यास मोठे भांडवल लागत नाही. अंगणात सांडलेले दाणे, स्वयंपाकघरातील खरकटे आणि उकिरड्यावरील किडे यांवर दहा-वीस गावठी कोंबड्या सहज पोसल्या जातात. अंडी व कोंबड्या विकून येणारा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राहतो. मुलांच्या वह्या, औषधपाणी, सणावारी लागणारा किरकोळ खर्च यांची सोय त्यातूनच होते. अशा घरावर एका रात्रीत मुंगसाचा, रानमांजराचा किंवा मोकाट कुत्र्यांचा घाला पडला, की सकाळी मेलेल्या कोंबड्या मोजल्या जातात व नुकसान तेवढेच झाले असे मानले जाते. वस्तुतः नुकसान तेथे थांबत नाही. वाचलेल्या कोंबड्यांनी घेतलेला धसका, न दिसलेल्या जखमा आणि पुढील रात्री पुन्हा होणारा हल्ला यांमुळे उरलेला कळपही हातचा जाऊ शकतो. तो वाचविणे मात्र पुष्कळ अंशी पशुपालकाच्या हाती असते.

जिल्ह्यातील परिस्थिती

अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यातील सह्याद्रीचा डोंगराळ व अतिपावसाचा पट्टा, मध्यभागी प्रवरा व मुळा नद्यांच्या पाण्यावरील उसाचा बागायती प्रदेश आणि दक्षिणेस व पूर्वेस कर्जत, जामखेड, पाथर्डीकडील अवर्षणप्रवण माळराने, असे त्याचे स्वरूप आहे. त्यानुसार कोंबड्यांचे शत्रूही बदलतात. डोंगराळ भागात रानमांजर व उदमांजर, माळावर कोल्हा, तर मुंगूस, घार, शिक्रा, धामण, घूस आणि मोकाट कुत्री जवळजवळ सर्वत्र आढळतात. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचीही भर पडते. जंगल नसलेल्या शेतीप्रदेशातही बिबटे कायम वास्तव्य करून असतात, हे अकोले तालुक्यात कॅमेऱ्यांच्या साहाय्याने झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसून आले. ऊसतोडीच्या हंगामात फड मोकळे होऊ लागले, की तेथे आसरा घेतलेले लहानमोठे प्राणी वस्तीकडे सरकतात. तोडणी कामगारांपैकी काही कुटुंबे आपल्या चार कोंबड्याही बरोबर नेतात. कोपीशेजारी साध्या डालग्याखाली ठेवलेल्या या कोंबड्यांना धोका अधिक असतो.

धसका म्हणजे काय?

भय वाटताच कोंबडीच्या शरीरात विशिष्ट संप्रेरके स्रवतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्त स्नायूंकडे धाव घेते आणि पचन, अंडे तयार होणे ही कामे मागे पडतात. पळून जाण्यासाठी ही व्यवस्था उपयुक्त असते. परंतु भय दीर्घकाळ टिकले तर शक्ती झपाट्याने खर्च होते आणि रोगप्रतिकारशक्तीही खालावते. दबा धरून असलेले आजार याच काळात डोके वर काढतात.

धसका घेतलेली कोंबडी कोपऱ्यात अंग चोरून बसते, पिसे फुगवते, डोळे मिटते, दाणापाणी घेत नाही. तुरा फिकट पडणे, पाय गार लागणे, चोच उघडी ठेवून श्वास घेणे ही गंभीर स्थितीची लक्षणे होत. काही कोंबड्या भयाने निश्चल होऊन मेल्यासारख्या पडून राहतात. त्यांना मृत समजून पुरण्याची घाई करू नये. छातीची हालचाल नीट पाहावी. शांतता मिळताच अशा कोंबड्या काही वेळाने उठून बसतात.

पहिले काही तास

सर्वप्रथम कुत्री बांधावीत, मुलांना दूर करावे व गोंगाट थांबवावा. भेदरलेल्या कोंबड्यांचा पाठलाग करू नये. तो त्यांच्या दृष्टीने दुसरा हल्लाच ठरतो. कोंबडीला अंधारात दिसत नाही. म्हणून झाडावर वा छपरावर जाऊन बसलेल्या कोंबड्या दिवेलागणीनंतर, मंद उजेडात, हळुवारपणे उतरवून घ्याव्यात. मात्र बिबट्याचा संशय असल्यास कोंबडी शोधण्यासाठी रात्री उसात वा झुडपांत कोणीही शिरू नये.

जखमी किंवा मरगळलेल्या कोंबडीस वेगळे काढावे. यासाठी आपले नेहमीचे डालगेच उत्तम. घराच्या आत, वाऱ्यापासून दूर, खाली कोरडे गवत किंवा गोणपाट अंथरून त्यावर डालगे ठेवावे व वरून कापड टाकून अंधार करावा. हवा खेळती राहील इतकी फट ठेवावी. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. रक्तस्राव, ओली पिसे व थंडी यांमुळे ते घसरते. त्यामुळे ऊब देणे आवश्यक असते. कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली डालग्याच्या एका बाजूस ठेवली, तर कोंबडीला हवे तेव्हा जवळ व नको तेव्हा दूर बसता येते.

पाणी लगेच समोर ठेवावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ मिसळून ते पहिला एक दिवस द्यावे, नंतर साधे पाणी द्यावे. कोंबडी पीत नसल्यास चोचीचे टोक पाण्यात हलके बुडवावे. घशात पाणी ओतू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असल्याने ते फुप्फुसात जाऊन कोंबडी दगावण्याचा संभव असतो.

जखमांची निगा

पिसांखाली जखमा झाकलेल्या असतात. कोंबडी थोडी सावरल्यावर मान, पाठ, पंखांखालील भाग व शेपटीचे मूळ येथील पिसे बाजूला सारून पाहावे. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने काही मिनिटे सतत दाबून धरावे. नंतर उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवावी. एका लिटरला दीड ते दोन सपाट चमचे मीठ पुरे. त्यानंतर पोव्हिडोन-आयोडीनचे द्रावण पाण्यात पातळ करून लावावे. राख, माती, शेण, रॉकेल यांपैकी काहीही जखमेवर घालू नये.

दातांची जखम वरून टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी आत खोल असते. मांजराच्या लाळेतील जंतू तर एक-दोन दिवसांतच रक्तात पसरून कोंबडीचा जीव घेऊ शकतात. अशी जखम शिवून वा घट्ट बांधून बंद करू नये व पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला त्वरित घ्यावा. राज्यात १९६२ या क्रमांकावरही पशुवैद्यकीय सेवेची मागणी नोंदविता येते. प्रतिजैविके डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावीत आणि त्यांनी सांगितलेली मुदत संपेपर्यंत त्या कोंबडीची अंडी खाऊ वा विकू नयेत. पावसाळ्यात जखमेवर माश्या बसून अळ्या पडतात. म्हणून दिवसातून दोनदा जखम तपासावी. रक्त दिसताच इतर कोंबड्या तेथेच टोचतात. त्यामुळे जखमेवर नवी कातडी येईपर्यंत जखमी कोंबडी कळपात सोडू नये.

पहिले औषध : सुरक्षित रात्र

शिकार मिळालेले जनावर बहुधा परत येते. म्हणूनच खुराडे त्याच दिवशी, अंधार पडण्यापूर्वी, दुरुस्त करणे हा सर्व उपचारांचा पाया होय. तेवढ्यात दुरुस्ती शक्य नसेल तर कोंबड्या त्या रात्री घरात घ्याव्यात.

शत्रू कोण होता हे खुणांवरून ओळखता येते. पुष्कळ कोंबड्या मारून तेथेच टाकल्या असतील तर बहुधा कुत्री; एकच कोंबडी उचलून नेली असेल तर रानमांजर वा कोल्हा; मान व डोके चावलेले असेल तर मुंगूस; अंडी किंवा लहान पिले काही माग न ठेवता नाहीशी झाली असतील तर साप वा घूस; आणि भरदिवसा अंगणातून पिलू गेले असेल तर घार किंवा शिक्रा, असा साधारण अंदाज करावा.

दुरुस्ती करताना अर्धा इंची वेल्डमेश जाळी वापरावी. कोंबड्यांची साधी षटकोनी जाळी कुत्री फाडतात. जाळी जमिनीत एक फूट गाडावी किंवा बाहेरच्या बाजूस एक फूट वळवून वर दगड रचावेत. दार आतबाहेर हलणार नाही असे घट्ट करून कडी घालावी. खुराडे घराच्या भिंतीलगत असावे व भोवतालचे झुडूप, लाकूडफाटा व खरकटे दूर करावे.

सूड म्हणून विष घालणे किंवा फास लावणे सर्वथा टाळावे. मुंगूस, रानमांजर, कोल्हा, बिबट्या हे सर्व वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहेत. शिवाय विषाने घरचे कुत्रे व इतर जनावरेही मरतात. बिबट्याचा वावर आढळल्यास वनविभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे.

कळप पूर्ववत होताना

पुढील दोन आठवडे कोंबड्यांचा दिनक्रम शक्य तितका जुनाच ठेवावा. तीच वेळ, तेच भांडे, नेहमीची हाक. बाजरी, ज्वारी वा मक्याची भरड किंचित ओलसर करून थोडी थोडी द्यावी. या काळात नव्या कोंबड्या कळपात आणू नयेत, जागा बदलू नये. पुढील लसीकरणाची तारीख जवळ असेल तर कोंबड्या सावरल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने लस द्यावी. मात्र मानमोडीची लस कायमची चुकवू नये.

अंडी काही दिवस, क्वचित काही आठवडे बंद राहतात. मऊ, खडबडीत किंवा वेड्यावाकड्या कवचाची अंडीही येतात. अंड्यावर कवच चढण्यास सुमारे वीस तास लागतात. त्या काळात भय बसल्यास अंडे आत अडून राहते व कवच बिघडते. काही कोंबड्या पिसेही गाळतात. या कारणांनी कोंबडी निकामी झाली असे समजून विकण्याची घाई करू नये. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा व धीर धरावा.

खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठून गेली असेल तर ती अंडी विनाविलंब दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली ठेवावीत. आई गमावलेली लहान पिले रात्रीच्या वेळी पिलेवाल्या कोंबडीच्या पंखाखाली सरकवली, तर ती पुष्कळदा त्यांना स्वीकारते. अशी कोंबडी नसल्यास खोक्यात विजेच्या दिव्याची ऊब द्यावी.

हल्ला की रोग?

अंगावर जखम नसताना एकापाठोपाठ कोंबड्या मरू लागल्या, मान वाकडी होणे, हिरवट हगवण, डोके सुजणे अशी लक्षणे दिसली, तर दोष शिकारी प्राण्याच्या माथी मारू नये. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला होता, हे विसरता कामा नये. अशा वेळी मेलेल्या कोंबड्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास तात्काळ कळवावे.

हल्ल्यात मेलेल्या कोंबड्याही उघड्यावर टाकू नयेत. चुना टाकून खोल पुराव्यात. त्यांच्या वासाने शत्रू पुन्हा येतो. कोंबड्या सोडविताना कुत्र्याने, मुंगसाने वा अन्य प्राण्याने माणसास चावले किंवा ओरखडले असेल, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. रेबीजची लस घेण्यात विलंब करू नये.

शांतता, ऊब, पाणी आणि बंद दाराआडची निर्धास्त रात्र, एवढ्या साध्या गोष्टींना खर्च फारसा येत नाही. त्या वेळेवर मिळाल्या तर धसका घेतलेली कोंबडी थोड्याच दिवसांत पुन्हा अंगणात दाणे टिपू लागते, आणि काही आठवड्यांत घरधनिणीच्या हाती पुन्हा अंडे पडते.