शासन किती आणि कोठे?

शासनाने शाळा स्वतः चालवाव्यात, की विद्यार्थ्याचा खर्च उचलून निवड पालकांवर सोपवावी? मर्यादित शासनाचे पुरस्कर्ते दुसरा मार्ग सुचवितात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात त्याचा अंश आहे : विनाअनुदानित खाजगी शाळांच्या प्रवेशवर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांना, भरपाई शासनाची. शाळांवर सक्ती आहे, हे खरे. पण गरिबाला निवड मिळते.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेला यातून सूट दिली. आपल्या पळस्पे फाट्यावर राबणाऱ्या पालकालाही ही वाट अरुंद झाली असती. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती सूट रद्द ठरविली. तात्पर्य, शासनाने कारभार आटोपता घ्यावा, जबाबदारी नव्हे.