ऑर्किडची काळी कूज: बोर्डोचं पिंप लांब ठेवा

पेडणे आणि डिचोलीत सध्या ऑर्किडवाल्यांची तक्रार एकच: डेंड्रोबियम आणि फॅलेनॉप्सिस बुंध्यातून काळे पडताहेत. ही काळी कूज, म्हणजे फायटोफ्थोरा. माडाचा कोंब कुजवते ती हीच. पोफळीचा कोळेरोगही याच कुळातला. शेड कुळागरात घातली असेल, तर झावळ्यांवरून ठिबकणाऱ्या पाण्यातून रोग थेट कुंडीत उतरतो.

‘साहेब, हे पावसाळी जंगलातलंच झाड ना, मग पावसाचं काय भय?’ जावा-बोर्निओच्या दमट जंगलांत फॅलेनॉप्सिस अमाबिलिस खोडाला कलती लटकते, पानं खाली झुकलेली. पोंग्यात पाणी साचत नाही. आपण तिला कुंडीत ताठ उभी करतो आणि वर नारळाचा सोडण गच्च दाबतो. आपल्याकडच्या झाडांवरची सीतेची वेणी बघा. अख्खा पावसाळा अंगावर घेते, पण जरा उघडीप मिळाली की मुळं सुकून पांढरी होतात.

डिचोलीतल्या एका बागायतदाराने सुपारीवर फवारून उरलेला बोर्डो ‘वाया कशाला घालवा’ म्हणून डेंड्रोबियमवर मारला. कळ्या गळाल्या, पानं करपली, कूज होती तिथेच राहिली. डेंड्रोबियमला बोर्डोतलं तांबं सोसत नाही, हे किती वेळा सांगायचं? कार्बेन्डाझिमही या रोगावर चालत नाही. ते पैसे पाण्यात. आणि पोंग्यात ताक-हळद ओतणाऱ्यांनी ओल वाढवण्याखेरीज काही साधलेलं मी पाहिलेलं नाही.

बुंध्याशी पाणी भरल्यासारखा काळा डाग, कडेला पिवळी पट्टी, आणि पान हलकेच ओढलं की हातात येतं. मग वास घ्या. दुर्गंधी आली तर ती जिवाणूंची मऊ कूज. तिथे बुरशीनाशक मारून उपयोग नाही. वास नसेल तर कुंडी वेगळी करा, डागापुढचा बोटभर निरोगी भाग धरून कापा आणि दर झाडानंतर सुरी ज्योतीवर धरा. मग मेटॅलॅक्झिल-मँकोझेबचं मिश्रण लिटरला 2 ग्रॅम, लेबल वाचून. फोसेटिल-अल्युमिनियम वापरणार असाल तर त्यात तांबं मिसळू नका.

हिरवी जाळी ऊन अडवते, पाऊस नव्हे. वर प्लॅस्टिक हवंच. बाजू मात्र उघड्या ठेवा, वारा खेळू द्या. पोंगाच कुजलेली फॅलेनॉप्सिस वाचवत बसू नका, जाळा. ती पोफळीच्या आळ्यात टाकायची सवय तेवढी सोडा.