महिन्याच्या मिस्सापर्यंत थांबू नका : मृत्यूची नोंद व दाखला

घरात मरण आले की घर सुन्न होते. शेजारी धावून येतात, चर्चची घंटा वाजते, फादरांना निरोप जातो, कबर खणली जाते. मग दफन, सातव्या दिवसाची मिस्सा आणि महिन्याची मिस्सा. यातले काहीच आपण चुकवत नाही. सरकारी दप्तरात मृत्यूची नोंद करण्याचे काम मात्र पुष्कळदा राहून जाते. "चर्चच्या वहीत नाव लिहिले आहे, आणखी काय पाहिजे?" असे आपल्यापैकी अनेकांना वाटते.

एक उदाहरण घेऊ. आपल्या बेळगाव-खानापूर भागात असे प्रसंग नवे नाहीत. वडील घरीच वारले. दफन रीतसर झाले. मुले गोव्यात कामाला होती, ती आठवडाभर राहून परत गेली. चार वर्षांनी सोसायटीचे पीककर्ज हवे म्हणून थोरला मुलगा उतारा घेऊन गेला. उताऱ्यावर नाव वडिलांचे. "वारसा करून आणा," असे उत्तर मिळाले. वारसा करायला गेला तर मृत्यूचा दाखला मागितला. दाखला काढायला गेला तर नोंदच नाही. पेरणी तोंडावर आलेली आणि मुलगा एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरतो आहे. जे काम पंधरा दिवसांत फुकट झाले असते, त्यासाठी आता वर्ष मोडले.

अशी पाळी आपल्या घरावर येऊ नये म्हणून हा धडा नीट वाचावा आणि पान जपून ठेवावे.

१. चर्चची नोंद आणि सरकारी नोंद

चर्चच्या दफनवहीतील नोंद खरी असते, पण ती धर्मसंस्थेची नोंद आहे. जमीन, बँक, विमा, पेन्शन या कामांना जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ याप्रमाणे मिळालेला दाखलाच लागतो. या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली व ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली.

तरीही चर्चच्या वहीचे महत्त्व आहेच. सरकारी नोंद राहून गेलेली असेल तर मृत्यूची तारीख दाखविण्यास चर्चचा उतारा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. म्हणून तेथेही नाव व तारीख बरोबर लिहिली आहे ना, हे दफनाच्या दिवसांतच पाहून घ्यावे.

२. नोंद कोठे करायची?

येथे बहुतेकांची चूक होते. नोंद माणूस जेथे राहत होता तेथे होत नाही, जेथे मरण पावला तेथे होते.

घरी मृत्यू झाला तर आपल्याच गावी नोंद होते. कर्नाटकातील खेड्यांत हे काम पूर्वापार तलाठ्याकडे असे. अलीकडे ग्रामपंचायतीच्या सचिवांकडेही ते सोपविले आहे. म्हणून पहिली चौकशी पंचायतीत करावी. शहरात हे काम नगरपालिकेकडे वा महानगरपालिकेकडे असते. गोव्यातील खेड्यांत ते पंचायतीच्या सचिवाकडे आणि चंदगडच्या बाजूला, म्हणजे महाराष्ट्रात, ग्रामसेवकाकडे असते.

इस्पितळात मृत्यू झाला तर कळविण्याची जबाबदारी इस्पितळाची. मात्र शव ताब्यात घेताना दोन गोष्टी विचाराव्या: "नोंद कोणत्या कचेरीत पाठवणार?" आणि "दाखला कोठून घ्यायचा?" उत्तर कागदावर लिहून घ्यावे. माणूस गोव्याच्या इस्पितळात गेला आणि दफन आपल्या गावी झाले, तर दाखला गोव्याचाच निघेल. गावच्या पंचायतीत कितीही खेटे घातले तरी तो मिळणार नाही.

इस्पितळात नेताना वाटेत गाडीतच प्राण गेला, तर गाडी पहिल्यांदा जेथे थांबली तेथे वर्दी द्यावी असा नियम आहे.

३. किती दिवसांत?

हे आकडे पाठ करावेत.

२१ दिवसांच्या आत: नोंद विनाशुल्क होते. वर्दी देणाऱ्यास पहिला दाखलाही फुकट मिळतो. नोंद झाल्यापासून सात दिवसांच्या आत तो द्यावा असे कायदा सांगतो.

२१ ते ३० दिवस: थोडे विलंब शुल्क भरून नोंद होते.

३० दिवसांनंतर, पण एक वर्षाच्या आत: जिल्हा निबंधक किंवा नेमून दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. शिवाय विलंब शुल्क आणि स्वतः सही केलेले कागद.

एक वर्षानंतर: जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. २०२३ च्या आधी यासाठी कोर्टात जावे लागे.

आता हे आकडे आपल्या रिवाजाशी ताडून पाहा. सातव्या दिवसाची मिस्सा मुदतीच्या आत येते. महिन्याची मिस्सा येते तेव्हा २१ दिवस उलटून गेलेले असतात आणि तिसाव्या दिवसाची हद्दही जवळजवळ संपलेली असते. म्हणून सोपा नियम असा: सातव्या दिवसाच्या मिस्सानंतर पहिल्या कामाच्या दिवशी पंचायतीत जावे. तेव्हा मुले-मुली, जावई सर्व घरी असतात, कागद शोधायला चार हात मिळतात.

वेळेत वर्दी न दिल्यास दंडाची तरतूद आहे, पण तो दंड थोड्या रुपयांचा. खरा दंड हेलपाट्यांचा असतो.

४. बरोबर काय न्यावे?

मयताचे आधार कार्ड, रेशन कार्ड, वर्दी देणाऱ्याचे आधार कार्ड आणि मृत्यूचे कारण सांगणारा डॉक्टरांचा कागद. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांनी हा कागद पैसे न घेता द्यायचा असतो. तो लगेच मागावा, महिन्याने नव्हे.

वर्दीच्या फॉर्मात मयत माणूस विडी-सिगारेट ओढत होता का, तंबाखू किंवा सुपारी खात होता का, दारू पीत होता का, आणि किती वर्षे, असेही प्रश्न असतात. हे विचारलेले पाहून काहींना अपमान वाटतो. तसे मानू नये. कोणत्या रोगाने किती माणसे जातात याचा हिशेब सरकारला यावरून लागतो. खरे तेच सांगावे. ही माहिती दाखल्यावर छापली जात नाही. मृत्यूचे कारणही दाखल्यावर येत नाही, कायद्यानेच तशी मनाई आहे. म्हणून क्षय, एड्स किंवा दारूचा आजार लपविण्यासाठी नोंदच न करणे हे दुहेरी नुकसान आहे.

एक सावधगिरी. सर्पदंश, वीज पडणे, विजेचा धक्का, विहिरीत बुडणे, ट्रॅक्टर उलटणे, विष पोटात जाणे अशा मृत्यूंत घाईने दफन करू नये. आधी पोलिसांना कळवावे व शवचिकित्सा होऊ द्यावी. ते दुःखदायक असते हे खरे. परंतु शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूची मदत किंवा विमा मागताना पोलिसांचा पंचनामा व शवचिकित्सेचा अहवाल हेच दोन कागद पहिल्याने मागतात. दफन झाल्यावर ते मिळवणे फार कठीण होते.

५. नाव, नाव आणि नाव

आपल्या लोकांत सर्वांत जास्त घोटाळा नावाचा होतो. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर जोसेफ, घरात जुजे. चर्चच्या वहीत इग्नेशियस, उताऱ्यावर इनास. आधारवर अँथनी, बँकेच्या पासबुकात अंतोन. आडनावाची तऱ्हा आणखी निराळी. घरच्यांना माणूस एकच, पण कचेरीला ती दोन माणसे दिसतात.

म्हणून वर्दी देताना तोंडी नाव सांगू नये. आधार आणि जमिनीचा उतारा पुढे ठेवून त्याप्रमाणे लिहावयास सांगावे. दोन्हींत फरक असेल तर तो तेथेच दाखवावा आणि काय करावे ते विचारावे. कर्नाटकातील दाखला कन्नड व इंग्रजीत असतो. आपल्यापैकी अनेक वडीलधाऱ्यांना कन्नड वाचता येत नाही, म्हणून शाळेत कन्नड शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला बरोबर न्यावे. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, तारीख, ठिकाण हे चार रकाने खिडकीपाशीच तपासावे.

चूक सापडली तर घाबरू नये. कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे निबंधकाला चूक दुरुस्त करता येते. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून सही व तारीख घालतात. त्यासाठी पुराव्याचे कागद जोडून अर्ज करावा.

६. जुन्या मृत्यूचे काय?

नोंद झालेली आहे पण दाखला हरवला, असे असेल तर थोडी फी भरून नवी प्रत मिळते. अर्ज पुढीलप्रमाणे करावा. कचेरीत कन्नड अर्ज मागितल्यास जाणत्या माणसाकडून याच मुद्द्यांवर लिहून घ्यावा.

"मा. जन्म-मृत्यू निबंधक यांस. अर्जदार ……, राहणार …… विषय: मृत्यूच्या दाखल्याची प्रत मिळणेबाबत. माझे वडील / आई / पती …… हे दिनांक …… रोजी …… येथे मरण पावले. त्यांच्या मृत्यूची नोंद आपल्या कचेरीत झालेली आहे. वारसा नोंदीच्या कामासाठी मला दाखल्याच्या …… प्रती हव्या आहेत. लागणारी फी भरण्यास मी तयार आहे. सोबत माझ्या व मयताच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडल्या आहेत. सही, तारीख."

अर्जाच्या दोन प्रती न्याव्या. एकीवर कचेरीचा शिक्का व तारीख घेऊन ती घरी ठेवावी.

नोंदच झालेली नसेल तर प्रथम "नोंद आढळत नाही" असा दाखला त्याच कचेरीतून घ्यावा. त्याला चर्चच्या दफनवहीचा उतारा, मयताचे ओळखपत्र, इस्पितळाचे जुने कागद जोडून वर सांगितलेल्या अधिकाऱ्याकडे आदेशासाठी अर्ज करावा. मध्यस्थाला पैसे देऊन खोटी तारीख घालून घेऊ नये. पुढे तारीख जुळली नाही तर सगळेच काम फसते.

७. दाखला हाती आल्यावर

दाखल्याने माणूस मेला एवढेच सिद्ध होते. वारस कोण, हे त्याने ठरत नाही. त्यासाठी वंशावळ लागते. कर्नाटक जमीन महसूल कायद्याप्रमाणे वारशाने हक्क आला की तीन महिन्यांत कळवावयाचे असते. नाडकचेरीत अर्ज, दाखला, वंशावळ व उतारा द्यावा.

वंशावळीत मुलींची नावे गाळू नयेत. लग्न झाले म्हणून मुलीचा हक्क जात नाही. आपल्याकडे ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्र केलेले नसेल तर भारतीय वारसा कायदा, १९२५ याप्रमाणे विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलगे व मुलींना सारखे मिळते. गोव्यातील वारशाला मात्र वेगळा कायदा आहे.

त्यानंतर बँकेत व सोसायटीत जावे. पासबुक नीट पाहावे. वर्षाला २० रुपये किंवा ४३६ रुपये कापलेले दिसले तर ते बहुधा पंतप्रधान सुरक्षा विमा किंवा जीवनज्योती विम्याचे असतात. पहिला अपघाती मृत्यूसाठी, दुसरा कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूसाठी. दोन्हींची रक्कम प्रत्येकी २ लाख रुपये आहे. कित्येक घरांना हा विमा होता हेच ठाऊक नसते. मागणी शक्यतो लवकर करावी. मयताच्या नावावर पेन्शन किंवा किसान योजनेचे पैसे येत असतील तर तेही कळवावे, नाहीतर पुढे परत भरावे लागतात. विधवेने विधवा वेतनाचा अर्ज याच वेळी करावा.

मूळ दाखला कोणालाही देऊ नये. सर्वत्र झेरॉक्स द्यावी, मूळ फक्त दाखवावा.

घरचा अभ्यास

या रविवारी मिस्सा झाल्यावर घरी ट्रंक उघडावी. घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाचे आधार, उतारा, पासबुक आणि बाप्तिस्म्याचा दाखला शेजारी शेजारी ठेवावे. चारही ठिकाणी नाव सारखे आहे का ते पाहावे. नसेल तर आतापासूनच दुरुस्तीला लागावे. माणूस जिवंत असताना तो स्वतः जाऊन सही करू शकतो, गेल्यावर त्याच दुरुस्तीसाठी पोरांना दारोदार फिरावे लागते.

आणि धर्मग्रामातील शिकलेल्या तरुण-तरुणींनी एवढे करावे: दफनाला गेलात की सातव्या दिवशी त्या घरी पुन्हा जा आणि विचारा, "काकू, पंचायतीत कोण जाणार? मी येऊ का बरोबर?" एकट्या पडलेल्या बाईला हार-फुलांपेक्षा त्या दिवशी याचीच गरज अधिक असते.